घरीच शिकवायचं ठरलं. आता तयार संच घ्यावा की स्वतः जुळवावं?

मुलांना घरीच शिकवायचं असं ठरवलेल्या कॅथलिक आईबाबांपुढे लगेच दुसरा प्रश्न येतो. वर्षाची पुस्तकं, पाठांचं नियोजन, चाचण्या असं सगळं एकाच संस्थेकडून मागवायचं, की विषयागणिक स्वतः निवड करायची? माझं मत आधीच सांगून टाकते: गणित आणि व्याकरण तयार घ्या, धर्मशिक्षण स्वतः जुळवा. मी पहिल्या वर्षी नेमकं उलट केलं होतं.

मात्र त्याआधी कायदा पाहा. जर्मनीत शाळेत जाणं सक्तीचं असल्यामुळे घरी शिकवायला जवळजवळ वावच नाही. फ्रान्समध्ये 2022 पासून नुसतं कळवून भागत नाही, परवानगी लागते. अमेरिकेत सगळ्या 50 राज्यांत मुभा आहे, पण नियम राज्यागणिक निराळे. जिथे दरवर्षी प्रगतीचा पुरावा दाखवावा लागतो, तिथे तयार संचाचं पारडं आपोआप जड होतं.

तयार संचांत अमेरिकेतलं सीटन होम स्टडी स्कूल हे जुनं नाव. दिवसागणिक पाठ आखलेले, चाचण्या तपासायला पाठवायच्या, गुणपत्रक हातात. धर्म हा वेगळा विषय आहेच, शिवाय इतर विषयांच्या पुस्तकांतही संत आणि बायबलमधले प्रसंग भेटत राहतात. कोल्बे अकॅडमी आणि मदर ऑफ डिव्हाइन ग्रेस या संस्था अभिजात, म्हणजे जुन्या ग्रीक-लॅटिन परंपरेतल्या शिक्षणपद्धतीच्या वाटेने जातात.

संचाची खरी किंमत कळते ती घरात तान्हं बाळ असताना. रात्रभर जागरण झालंय, डोकं चालत नाही, अशा सकाळी 'आज पान 42' एवढं कोणीतरी सांगणं हे वरदान असतं. साशंक आजी-आजोबांपुढे गुणपत्रकही कामी येतं. पण संच इयत्तेप्रमाणे येतो. तीन मुलं म्हणजे तीन वेळापत्रकं, आणि एक आठवडा ताप आला की तीनही कोलमडतात. मग आई शिकवत नाही, मागे पडलेली पानं भरून काढते.

दुसऱ्या, स्वतः जुळवण्याच्या वाटेवर बहुतेक घरं शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंपर्यंत (1842–1923) पोहोचतात. धडे छोटे, लहानांना फार तर वीस मिनिटांचे. जिवंत भाषेतली पुस्तकं. आणि ऐकलेलं मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगायचं. बाई अँग्लिकन होत्या, म्हणून काही कॅथलिक घरं बिचकतात. पण त्यांची पद्धत कॅथलिक पुस्तकांशी जोडणारा 'मातेर अमाबिलिस' हा अभ्यासक्रम विनामूल्य मिळतो. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे एकाच संताचं चरित्र सहा आणि दहा वर्षांच्या मुलांना एकत्र वाचून दाखवता येतं. तोटा गणितात दिसतो. इथे पायऱ्या चुकल्या तर पत्ता वर्षभराने लागतो, म्हणून निदान गणिताचं पुस्तक तरी कोणीतरी क्रमाने रचलेलंच असावं.

आता धर्मशिक्षण. इथेही दोन टोकं आहेत. एका बाजूला 1885 चा बाल्टिमोर कॅटेकिझम, म्हणजे धर्मतत्त्वांचं पुस्तक: जग कोणी निर्माण केलं, इथपासून सुरू होणारी प्रश्नोत्तरं, पाठ करायची. दुसऱ्या बाजूला 1954 मध्ये रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी सुरू केलेलं 'उत्तम मेंढपाळा'चं (येशूने स्वतःला दिलेली उपमा) धर्मशिक्षण. माँटेसरीच्या धर्तीवर मूल छोटी वेदी मांडतं, कटोरा हाताळतं, लाकडी मेंढरं कोंडवाड्यात नेतं. मोठी माणसं कमी बोलतात. त्यासाठी मोठ्यांना प्रशिक्षण लागतं, आणि साहित्य बरंचसं हाताने बनवायचं असतं. पूर्ण पद्धत घरी झेपणं कठीण, पण मेंढपाळाचा दाखला आणि वेदीची मांडणी एवढंही घरात छान रुजतं.

माझा कल असा: सहा-सात वर्षांपर्यंत हात आणि डोळे, त्यानंतर पाठांतर. पाठांतराला नाकं मुरडू नयेत. आठ वर्षांचं मूल आनंदाने घोकतं, आणि तो शब्द पंधराव्या वर्षी वाद घालायला हाताशी असतो! मात्र नुसती प्रश्नोत्तरं विषयाच्या तासाला कोंबली, की धर्म इतिहास-भूगोलाच्या रांगेत बसतो आणि चाचणी संपली की दप्तरात जातो. मी केलेली चूक हीच.

ही जबाबदारी आपली आहे, हे ख्रिस्तसभाच सांगते. 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पालकांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटलं. 1983 च्या धर्मसंहितेत कलम 914 प्रमाणे पहिल्या कम्युनियनची (मुलाने पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची) तयारी करून घेणं हे आधी आईवडिलांचं कर्तव्य; पण त्याच वाक्यात धर्मगुरूचंही नाव आहे. त्यामुळे पुस्तक मागवण्याआधी फादरांना भेटा. काही ठिकाणी घरची तयारी चालते, काही ठिकाणी पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) वर्गाला बसावंच लागतं. तसं असेल तर घरी तेच पुन्हा शिकवू नका. येत्या रविवारी चर्चमध्ये वाचलं जाणारं शुभवर्तमान शनिवारी वाचा.

राहिली कौटुंबिक प्रार्थना. तिच्यासाठी संच नाही, आणि नको. पाच दशकांची रोजरी (जपमाळेची प्रार्थना; एक दशक म्हणजे दहा 'नमो मारिया') लहानग्यांसोबत पहिल्याच आठवड्यात तुटते. रात्री दिवे मालवण्याआधी एक दशक म्हणा, आगमनकाळात (नाताळच्या आधीचे चार आठवडे) दर रविवारी एक मेणबत्ती वाढवा. दुसरं दशक मुलांनी मागितलं तरच घ्या. आमच्याकडे ते दीड वर्षाने मागितलं गेलं, तेही झोपायला उशीर व्हावा म्हणून.