जपानात शिकवायला येताय? जुनी दान्ची की नवा अपातो

जपानात शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, आणि नेमणूक पक्की होईपर्यंत बऱ्याचदा मार्च उजाडतो. मधल्या थोड्या दिवसांत घर ठरवावं लागतं. साइतामाच्या प्राथमिक शाळांत इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून आलो तेव्हा मी स्टेशनजवळच्या नव्याकोऱ्या अपातोत राहिलो. दोन वर्षांचा करार संपल्यावर जुन्या दान्चीत आलो, तो आजही तिथेच आहे. म्हणून पुढचं सगळं माझ्या दोन घरांपुरतं खरं आहे. तुमच्या वाट्याला येणारी इमारत वेगळी असू शकते.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. जाहिरातीत ‘मान्शन’ लिहिलेलं असेल तर बहुधा काँक्रीटची इमारत असते. ‘अपातो’ म्हणजे बहुतेक वेळा लाकडी किंवा हलक्या पोलादी सांगाड्याची, दोन मजल्यांची. दान्ची म्हणजे युद्धानंतरच्या घरटंचाईत उभ्या राहिलेल्या सार्वजनिक वसाहती. काही नगरपालिकांच्या आणि प्रांतांच्या असतात. मी बोलतोय ते यूआर या सरकारशी जोडलेल्या, भाड्याने घरं देणाऱ्या संस्थेच्या दान्चीबद्दल. या संस्थेचं मूळ 1955 साली स्थापन झालेल्या सरकारी गृहनिर्माण महामंडळात आहे.

पैशांच्या बाबतीत फार विचार करावा लागत नाही. खासगी घराला रेइकिन (घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम), अनामत, दलाली, वर जामीन कंपनीची फी, आणि आमच्या भागात दर दोन वर्षांनी कराराच्या नूतनीकरणासाठी एक महिन्याचं भाडं. हल्ली रेइकिन नसलेली घरंही दिसतात, तरी बाकीचं असतंच. यूआरकडे रेइकिन नाही, दलाली नाही, नूतनीकरणाचं भाडं नाही, जामीनदारही लागत नाही. दोन महिन्यांची अनामत आणि चालू महिन्याचं भाडं एवढं भरायचं. अट उत्पन्नाची असते. कमी भाड्याच्या घरांना भाड्याच्या चौपट मासिक उत्पन्न दाखवावं लागतं. ते जमत नसेल तर भाड्याच्या शंभरपट शिल्लक चालते, किंवा वर्षाचं भाडं आगाऊ भरता येतं. नव्याने आलेल्या परदेशी शिक्षकाला जामीनदार शोधणं किती जड जातं, हे ज्यांनी शोधलाय त्यांना ठाऊक आहे.

सोयींत मात्र नवं घर सरळ पुढे आहे. एसी बसवलेला, खिडकीला दुहेरी काच, न्हाणीत बटण दाबलं की टब ठरलेल्या पातळीपर्यंत भरतो आणि भरला की सूर वाजतो. दान्चीत मला मिळाली ती बालन्सु-गामा. म्हणजे टबाला चिकटून उभी असलेली, गॅसवर पाणी तापवणारी एक धातूची पेटी. नॉब दाबून धरायचा, बाजूचा दांडा गरगर फिरवायचा, कट्-कट् आवाज होतो, मग वाकून इवल्याशा काचेतून पाहायचं की आत निळी ज्योत धरली की नाही. थंडीच्या रात्री पहिल्याच फिरकीला ती धरली की बरं वाटतं. टबही आखूड आणि खोल, गुडघे छातीशी घेऊन बसावं लागतं. बऱ्याच दान्चींत आता नवी यंत्रं बसवली आहेत, तेव्हा घर पाहताना न्हाणीचं दार उघडून बघाच.

इथपर्यंत वाचून तुम्ही नव्या घराकडे झुकला असाल तर त्यात चूक नाही. मीही झुकलो होतो. मला तिथून बाहेर काढलं ते भिंतींनी.

मी शाकाहारी. प्राथमिक शाळेत दुपारी वर्गात मुलांबरोबर क्युशोकु, म्हणजे शाळेचं जेवण असतं. ज्यात मासा दिसत नाही त्या सूपातही बहुधा माशाचा अर्क असतो. म्हणून परवानगी काढून मी डबा नेतो, आणि डब्यासाठी सकाळी पावणेसहाला कुकर लावत असे. तीन शिट्ट्या. दुसऱ्या महिन्यात टपालपेटीत व्यवस्थापन कंपनीची चिठ्ठी आली. आठही पेट्यांत तीच चिठ्ठी होती, कुणाचं नाव नव्हतं, भाषा अतिशय नम्र. ‘पहाटेच्या घरगुती आवाजांबाबत सर्वांनी एकमेकांची काळजी घ्यावी.’ घरगुती आवाजाला इथे सेइकात्सु-ओन म्हणतात. माझ्या जपानीला तेव्हा तो शब्द नवा होता. कोशात पाहिला आणि लक्षात आलं की ही चिठ्ठी माझ्यासाठी आहे.

शेजाऱ्याचा राग मला आला नाही. त्याचा फोन गादीखाली थरथरला तरी मला कळायचं, मग माझी शिट्टी त्याच्या उशाशीच वाजत असणार. त्या दिवसापासून डाळ रात्री भिजवून सकाळी उघड्या पातेल्यात शिजवू लागलो. ते जमलं. जे जमलं नाही ते वेगळंच. उद्याचा पाठ रात्री मोठ्याने म्हणून पाहायची मला सवय आहे. तिसरीच्या मुलांना रंगांची नावं शिकवायची तर चाल कुठे वर न्यायची, कुठे थांबायचं, हे तोंडाने म्हटल्याशिवाय समजत नाही. त्या घरात मी कुजबुजत तयारी करू लागलो आणि वर्गात त्याचा परिणाम मला जाणवायचा. दिवसभर आवाज लावून शिकवायचं आणि घरी आल्यावर स्वतःच्याच खोलीत चोरासारखं वावरायचं, याने माणूस थकतो. दोन वर्षं संपायची मी वाट पाहिली.

दान्चीच्या काँक्रीटच्या भिंतीतून शेजारचं काहीच ऐकू येत नाही असं मी म्हणणार नाही. वरच्या घरातली मुलं धावतात ते छतातून स्पष्ट कळतं. जुन्या इमारतींत दोन मजल्यांमधला काँक्रीटचा थर पातळ असतो. पण बाजूच्या भिंतीतून बोलणं येत नाही, आणि आला दिवस मी मोठ्याने पाठ म्हणतो. कुकरही परत काढला.

दान्चीचा खरा त्रास हिवाळ्यात. एकेरी काच, अॅल्युमिनियमची चौकट, सकाळी खिडकीवरून पाण्याचे ओघळ. याला केत्सुरो म्हणतात. रोज फडक्याने पुसलं नाही तर चौकटीत काळी बुरशी धरते, आणि ओशिइरे नावाच्या भिंतीतल्या कपाटात गादी भिंतीला टेकवून ठेवली तर तिलाही. रॉकेलच्या हीटरने हे वाढतं, कारण एक लिटर रॉकेल जळताना एक लिटरहून थोडं जास्तच पाणी वाफेच्या रूपात खोलीत सोडतं. एसी आपला आपण घ्यावा लागतो, आणि फर्निचर आणताना माप घ्या: दान्चीची ततामी (जमिनीवर बसवलेली चटई, खोलीचं मापही तिच्यातच सांगतात) लहान असते, साधारण 85 बाय 170 सेंटिमीटर, त्यामुळे ‘सहा चटयांची खोली’ नेहमीच्या सहा चटयांएवढी भरत नाही.

भूकंपाचं मात्र नीट विचारा. 1 जून 1981 पासून बांधकामाचे कडक नियम लागू झाले. त्याआधीच्या इमारतीची भूकंप-तपासणी झाली असेल तर तिचा निकाल करारापूर्वी समजावून सांगणं दलालावर बंधनकारक आहे. माझी इमारत त्याआधीची आहे. चार-पाच मजल्यांच्या, भिंतींवरच भार पेलणाऱ्या काँक्रीट इमारतींचं 1995 च्या कोबेच्या भूकंपात तुलनेने फार कमी नुकसान झालं, हे वाचून आणि माझ्या इमारतीचा निकाल पाहून मी सही केली. तुम्हीही निकाल पाहिल्याशिवाय करू नका.

एकच वर्ष राहणार असाल, थंडी सोसत नसेल, किंवा लिफ्ट लागत असेल तर नवं घर घ्या. पाच मजली दान्चीत लिफ्ट बहुधा नसते आणि मी चौथ्या मजल्यावर तांदळाची पोती चढवतो. दोन-तीन वर्षं शिकवायचं असेल तर मी तरी तुम्हाला दान्चीची वाट दाखवेन. आणि नव्याच घराकडे मन असेल तर ते संध्याकाळी, शेजारी घरी असताना पाहायला जा. दार लावा, शेजारच्या घराकडच्या भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करा. पोकळ आवाज आला तर जाहिरातीत ‘लाकडी’ किंवा ‘हलकं पोलाद’ असं कुठे लिहिलंय का ते पुन्हा एकदा बघा.