आयटरची फेरी : लहरींबद्दल आवर्जून विचारा

दक्षिण फ्रान्समध्ये एक्स-आँ-प्रोव्हान्सकडे जाणं झालं, तर सां-पॉल-ले-द्युरान्सच्या आयटरची, म्हणजे सूर्यासारखी अणूंच्या मिलनातून ऊर्जा मिळवू पाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची, फेरी चुकवू नका. पैसे पडत नाहीत. नाव मात्र आधी नोंदवायचं आणि पासपोर्ट जवळ ठेवायचा.

सगळे जण 60 मीटर उंचीच्या जोडणी दालनात माना वर करून बघत राहतात, आणि ते आहेच तसं. क्रायोस्टॅटचे, म्हणजे यंत्राभोवतीच्या प्रचंड निर्वात पात्राचे, भाग लार्सन अँड टुब्रोच्या हजिरा कारखान्यातून आले हे ऐकून ऊर भरून आला. पण माझी नोकरी आकाशवाणीच्या ट्रान्समीटरवर गेली, त्यामुळे जीव अडकला तो बसमधूनच दिसलेल्या आरएफ (रेडिओ लहरींच्या) इमारतीत. मूळ आराखड्यात गायरोट्रॉन, म्हणजे प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) तापवणाऱ्या सूक्ष्मलहरींच्या नळ्या, 24, त्यातले 2 भारताचे. एकेक गायरोट्रॉन 1 मेगावॅटचा, म्हणजे नागपूरच्या मीडियम वेव्ह ट्रान्समीटरएवढा! नागपूरची लहर जवळजवळ 190 मीटर लांब, इथली पावणेदोन मिलिमीटर. ती बाहेर पडते कृत्रिम हिऱ्याच्या चकतीतून, कारण एवढी शक्ती सोसून उष्णता झटपट वाहून नेणारं दुसरं काही नाही.

प्लाझ्मा फिरवता कसा, असं मी मार्गदर्शक बाईंना विचारलं. त्यांनी घाई न करता नीट सांगितलं. शेजारचे थर वेगवेगळ्या वेगाने सरकले की खळबळीचे भोवरे फाटतात आणि उष्णता आत टिकते. जुन्या यंत्रांत हे फिरवणं उदासीन (विद्युतभार नसलेल्या) कणांच्या झोताने व्हायचं. आयटरचा प्लाझ्मा आठशे घनमीटरांच्या वर, तिथे झोताचा रेटा अपुरा पडतो. मग लहरीच ढकलतील का? एमआयटीच्या अल्केटर सी-मॉड या छोट्या प्लाझ्मा यंत्रावर 2008 मध्ये तसं दिसलं. ड्युटेरियममध्ये (जड हायड्रोजनमध्ये) थोडा हीलियम-3 मिसळून 50 मेगाहर्ट्झची लहर सोडली, वाटेत तिचं रूप पालटलं आणि झोताशिवाय प्लाझ्मा सेकंदाला 90 किलोमीटरपर्यंत वेगाने फिरू लागला. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. आयटरच्या 40 ते 55 मेगाहर्ट्झच्या अँटेना मुख्यतः तापवण्यासाठी आहेत. फिरण्याचा हिशेब त्यांच्या भरवशावर मांडता येत नाही, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं. गायरोट्रॉनांकडे आणखी एक नाजूक काम आहे : प्लाझ्मात चुंबकीय बेटं (चुंबकीय रेषांच्या, उष्णता गळवणाऱ्या गुंडाळ्या) तयार झाली की नेम धरून नेमका तिथेच विद्युतप्रवाह चालवायचा.

माझ्याकडून पाचपैकी पाच. इंग्रजी फेरी मागून घ्या, आणि प्रश्न बसमध्ये चढण्याआधीच सांगून ठेवा.