टीव्हीतल्या कार्टूनची पुस्तकं: साताऱ्यात शोधून, वाचून, फाडून झाल्यावरचा रिव्ह्यू

आमची चिऊ साडेतीनची. बालवाडी सुरू झालीय आणि टीव्हीवर जे दिसतं तेच पुस्तकात पाहिजे असा हट्ट चाललाय. त्यामुळं राजवाडा, मोती चौक, पोवई नाका, जिथं जिथं लहान मुलांचं रॅक दिसलं तिथं थांबून चाळून झालंय, काही ऑनलाइनपण मागवली. हे सगळं तीन ते पाच वर्षांच्या पोरांपुरतंच हं, त्यापुढचं मला विचारू नका.

दुकानात गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "ताई, हे न्या, हेच खपतंय." आणि हातात येतं ते चकचकीत कव्हरचं, आत टीव्हीतलेच सीन उचलून छापलेलं पुस्तक. असलं एक घरी आहे. थ्रीडी कार्टून, स्क्रीनवर झकास दिसतं, पण कागदावर सगळं काळपट, हिरोचं तोंड बरोब्बर शिलाईच्या घडीत गेलेलं, आणि चित्राखाली आठ-नऊ ओळींचा मजकूर, कारण अख्खा एपिसोड बारा पानांत कोंबायचाय ना! दुसऱ्या पानापर्यंत पोरगी पलंगाखाली. एपिसोड आधी बघितला नसेल तर कोण कुणाला का मारतंय हे मलासुद्धा कळलं नाही.

म्हणून आता मी दुकानात उभ्याउभ्याच एक गोष्ट करते, मजकूर न वाचता नुसती चित्रं बघत पानं उलटते. गोष्ट कळली तर घ्यायचं, नाहीतर ठेवून द्यायचं. दुकानदार काका वैतागतात, वैतागू देत.

यात पेपा पिग सरळ पास. ब्रिटनमधलं कार्टून, 2004 पासून चालू आहे, एपिसोड जेमतेम पाच मिनिटांचा आणि त्यात घडतं एकच काहीतरी, चिखलात उड्या नाहीतर डेंटिस्टकडं जाणं, त्यामुळं गोष्ट पुस्तकात आणताना फार कापाकापी लागत नाही. शिवाय चित्रं सपाट, जाड रेघेची, मोजके रंग, म्हणजे टीव्हीवर जशी तशीच कागदावर. पेपाच्या धाकट्या भावाचा, जॉर्जचा डायनोसॉर कुठल्या पानावर कुठं आहे ते चिऊ बोट ठेवून दाखवते, मी एखादं पान गाळलं तर पकडते. जाड पुठ्ठ्याच्या पानांचं घ्या, पातळ कागदाचं आठवडाभर टिकत नाही. उघडायच्या झडपा असलेलं मात्र दोनदा विचार करून घ्या, आमच्याकडच्या निम्म्या झडपा आता सेलोटेपवर आहेत.

ब्लुई, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लाचं कार्टून, त्याचं पुस्तक ऑनलाइन मागवलं. ऑस्ट्रेलियातलं, 2018 चं, सात मिनिटांचे एपिसोड. त्यातलं समुद्रकिनाऱ्याचं पुस्तक आहे, आई एकटीच फिरायला जाते आणि ब्लुई तिला गाठायला निघते, वाटेत पक्षी बिक्षी भेटतात. मजकूर कमी, चित्रात बघायला भरपूर. "आई एकटी का गेली?" हे चिऊनं विचारलं आणि त्यावर आमची गोष्टीपेक्षा जास्त वेळ चर्चा झाली (उत्तर काय दिलं ते सांगत नाही). महाग आहे, पण माझ्या मते सगळ्यात चांगलं हेच.

छोटा भीम पोगोवर 2008 पासून आहे, त्याला टाळणं शक्यच नाही. लाडू, ढोलकपूर, चुटकी सगळं ओळखीचं, म्हणून पोरं लगेच बसतात. मारामारीवालं सोडून रंग, आकडे, प्राणी असलं काहीतरी बघा. मोटू पतलू आधी लोटपोट मासिकातले, टीव्हीवर 2012 ला आले, आमचे हे अजून लोटपोटच्या आठवणी काढतात, पण त्यातले विनोद या वयाला जरा जड जातात, दोन वर्षं थांबा.

बटण दाबलं की गाणं वाजणाऱ्या पुस्तकांबद्दल मात्र सिरीयसली सांगते. आत गोल चपटे सेल असतात आणि पोरानं गिळला तर अन्ननलिकेला दोन तासांतसुद्धा गंभीर इजा होऊ शकते. सेलचं झाकण स्क्रूनं बसवलेलं असेल तरच घ्या, नखानं उघडणारं असेल तर फुकट मिळालं तरी नको. आणि तसंही, गाणं पुस्तकच म्हणणार असेल तर आपण काय करायचं?

भाषेचा प्रश्न उरतोच. बहुतेक सगळी इंग्रजीत, मी बघत बघत मराठीत सांगते. मराठीतली काही मिळतात, पण विकत घ्यायच्या आधी दोन पानं मोठ्यानं वाचून बघा, "तो आनंदी झाला आणि त्याने उडी मारली" असली भाषा पोरं ऐकत नाहीत. अस्सल मराठी चित्रपुस्तकं हवी असतील तर टीव्ही विसरून ज्योत्स्ना प्रकाशनची बघा, किंवा प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर नावाची वेबसाइट आहे, तिथं मराठीत फुकट वाचता येतात, प्रिंटपण काढता येते.

आणि आपल्या जिल्ह्यातच भिलार आहे की, 2017 पासूनचं पुस्तकांचं गाव! घराघरात पुस्तकं मांडलेली, बालसाहित्याचं घर वेगळं, बसून वाचायला पैसे नाहीत. पोराला कसली चित्रं आवडतात ते तिथं कळतं, मग खरेदी करा. पाचगणी ओलांडली की महाबळेश्वर रस्त्याला लागतं. सुट्टीच्या दिवशी पसरणी घाटात गाड्यांची रांग असते, सकाळी लवकर निघा.