जुनी ब्रिटिश चांदी, दहापटीचं भिंग आणि खिशातला काटा: वापरानंतरचा अनुभव

लेस्टरला राहते आणि जुन्या ब्रिटिश चांदीच्या नाण्यांचा नाद आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास दोन वस्तू घेतल्या: दहापटीचं ट्रिपलेट (तीन काचा जोडलेलं) भिंग, ज्याला इकडे सगळे लूप म्हणतात, आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा. दोन्हींच्या जाहिरातीत ‘कॉइन ग्रेडिंगसाठी’ असं ठळक लिहिलं होतं. प्रत्यक्षात ग्रेडिंगला, म्हणजे नाणं किती चांगल्या अवस्थेत आहे ते ठरवायला, दोन्ही फारसे लागत नाहीत, तरी दोन्ही मला हवेच आहेत. ते कसं, ते सांगते.

आधी काटा. १८१६ च्या कायद्यानंतर एका ट्रॉय पाउंड (सुमारे ३७३ ग्रॅम) स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध, चांदीतून ६६ शिलिंग पाडायला सुरुवात झाली. त्या हिशेबाने शिलिंग ५.६६ ग्रॅम, फ्लोरिन (दोन शिलिंग) ११.३१ आणि हाफ क्राउन (अडीच शिलिंग) १४.१४. हे तीन आकडे पाठ असले की टेबलावरची ढोबळ बनावट नाणी तिथल्या तिथे बाजूला पडतात. झिजलेला शिलिंग साडेपाचच्या खाली जातो, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. नाणं झिजकं आणि वजन मात्र जास्त, असं दिसलं की थांबावं.

काट्याचा दुसरा उपयोग घनतेचा. काट्यावर पाण्याचा कप ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात लटकवायचं, तळाला टेकू न देता. दिसेल त्या आकड्याने नाण्याच्या वजनाला भागलं की घनता मिळते. स्टर्लिंगची १०.३६ च्या आसपास येते. १९२० साली सरकारने चांदी ९२.५ टक्क्यांवरून ५० वर आणली, वजन मात्र तेच ठेवलं. त्या मिश्रधातूची ९.६ ते ९.७. हाफ क्राउनला कपावर १.३६ की १.४६ हा फरक स्पष्ट दिसतो. थ्रीपेन्सला (पाव शिलिंग) तोच फरक ०.१४ आणि ०.१५ एवढाच, म्हणजे काट्याचं एक शेवटचं घर, आणि ते घर तर खिडकी उघडी असली तरी हलतं. सिक्सपेन्सपासून (अर्धा शिलिंग) खाली या काट्याच्या घनतेवर विश्वास ठेवू नका. आणखी एक वैताग: काटा मिनिटभरात आपोआप बंद होतो. दोरा धरून पाणी स्थिर व्हायची वाट बघावी आणि पडदा काळा व्हावा, हे नेहमीचंच.

आता भिंग. नव्या माणसाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली: दहापटीखाली प्रत्येक नाणं भयंकर दिसतं. टांकसाळीच्या पोत्यात एकमेकांवर आपटून पडलेले ओरखडे दरीएवढे वाटतात आणि चांगलं एक्स्ट्रीमली फाइन नाणं माणूस एक पायरी खाली, व्हेरी फाइन म्हणून मोकळा होतो. फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड ही इकडची पट्टी नुसत्या डोळ्यांसाठीच बनली आहे. अमेरिकी ७० गुणांच्या पट्टीचंही निम्मं काम डोळाच करतो. एका दिव्याखाली नाणं हळूहळू तिरपं करत फिरवायचं, चमक कुठे तुटते ते बघायचं. ग्रेड तिथेच ठरते.

मग भिंग कशाला? झीज आहे की मुळातच ठसा नीट उठलेला नाही, हे ठरवायला. पाचव्या जॉर्जच्या शिलिंगवर हा प्रश्न पदोपदी येतो. शिल्पकार मॅकेनलने केलेल्या राजाच्या चेहऱ्याचा उठाव इतका की ठोकताना धातू तिकडेच ओढला जायचा आणि मागच्या बाजूचा मधला भाग पुरता भरत नसे. त्यामुळे मुकुटावरच्या सिंहाचं तोंड टांकसाळीतून निघतानाच सपाट. विक्रेता म्हणतो ‘कमजोर ठसा’, गिऱ्हाईक म्हणतं ‘झिजलाय’. भिंगाखाली निकाल लागतो: झिजलेला भाग गुळगुळीत असतो आणि त्याचा रंग आजूबाजूपेक्षा वेगळा दिसतो, ठसा न उठलेल्या जागी मूळ चकतीचा खडबडीतपणा आणि थोडी चमक शिल्लक असते. १९२६ च्या सुमारास चेहऱ्यात बदल झाल्यावर हा त्रास बराच कमी झाला. सातव्या एडवर्डच्या बाबतीत उलट. त्याचा चेहरा कोरणाऱ्या द सोल्सचं काम उथळ, त्यामुळे दाढी-भुवईचे तपशील लवकर जातात आणि तिथे सपाटपणा बहुधा खरी झीजच असतो.

दुसरं काम घासलेलं नाणं ओळखण्याचं. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला राणीछाप रुपये चिंच लावून लखलखीत करतात. इकडे सिल्व्हर डिपमध्ये (चांदी उजळवणाऱ्या द्रावणात) बुडवतात किंवा कापडाने पुसतात. कापडाच्या बारीक समांतर रेषा भिंगाखाली लपत नाहीत. फक्त भिंगाला जोडलेला एलईडी वापरू नका. सगळीकडून सारखा उजेड पडला की त्याच रेषा विरून जातात. साधा टेबल लॅम्प, एका बाजूने.

(राणीछापवरून आठवलं: आपल्या रुपयावर १८७७ पासून ‘एम्प्रेस’ आहे, पण ब्रिटनच्या नाण्यांवर ‘इंड इम्प’ (‘भारताची सम्राज्ञी’चं लॅटिन लघुरूप) आलं ते थेट १८९३ ला, शिल्पकार ब्रॉकने केलेल्या बुरखेवाल्या राणीबरोबर.)

१९०५ च्या हाफ क्राउनसाठी तर भिंगाशिवाय पाकीट उघडू नये. पाडलेली नाणी १,६६,००८, म्हणून नकला भरपूर, आणि चांदीच्या नकला काट्यावर पास होऊ शकतात. अक्षरांच्या कडा मऊ, पार्श्वभूमीवर बारीक फोड दिसले की नाणं परत द्यायचं.

भिंगाबद्दल तक्रार एकच: बिजागरीचा स्क्रू सैल होतो आणि पोलादी झाकण खाली लोंबतं. नाण्यावर आपटलं तर ओरखडा कायमचा, म्हणून मी झाकणाला रबरबँड लावलंय. वीस-तीसपटीचं स्वस्त भिंग मिळतं, त्याच्या नादी लागू नका. नाण्याच्या इतकं जवळ न्यावं लागतं की उजेडच आत शिरत नाही.