ऑक्टोबरात पैसे दिले, एप्रिलमध्ये कळलं

ऑनलाइन फुलझाडं मागवताना माझे १०४ पौंड गेले. रक्कम फार मोठी नाही, पण ज्या युक्तीने गेले ती कुणावरही चालेल अशी आहे. इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच स्वतःची बाग मिळालेल्या आपल्या मंडळींसाठी झालं ते सगळं लिहितेय.

घरामागची आमची बाग चिंचोळी, उत्तरेकडची. एक जुनं सफरचंदाचं झाड, त्याखाली ओल धरणारी जड माती आणि उन्हाळाभर सावली. प्रिमरोझ या वसंतात फुलणाऱ्या बुटक्या फुलझाडाला अशीच जागा मानवते. मला दुकानातले भडक रंगांचे नको होते. इथल्या रानात, ओढ्याच्या काठाने उगवतात ते, गाईच्या लोण्यासारखे फिके पिवळे हवे होते. त्यांच्याआधी खाली मान घातलेले पांढरे स्नोड्रॉप आणि एप्रिलअखेर निळ्या घंटांचे ब्लूबेल, असा सलग बहर मी मनात आखून ठेवला होता.

सप्टेंबरात सोशल मीडियावर एका विक्रेत्याचं पान दिसलं. फोटो इतके सुंदर की मी ते नवऱ्याला जेवता जेवता दाखवले. रानप्रिमरोझची २० रोपं ३६ पौंडांना, इंग्लिश ब्लूबेलचे १०० कंद ३० पौंडांना आणि पिवळ्या स्नोड्रॉपचा एक कंद ३८ पौंडांना. एका कंदाला ३८ पौंड ऐकून मी बिचकले नाही. ‘गोल्डन टिअर्स’ या पिवळ्या स्नोड्रॉपचा एकच कंद २०२२ मध्ये ऑनलाइन लिलावात १,८५० पौंडांना गेला होता, ते मी वाचलं होतं. उलट मला तो स्वस्तच वाटला.

माल कुठला, असं मी विचारलं. उत्तर आलं, “आमच्या स्वतःच्या जंगलातला, आजोबांच्या वेळेपासूनचा.” मला ते फार भावलं. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. इथल्या १९८१ च्या वन्यजीव कायद्यात १९९८ पासून ब्लूबेलला संरक्षण आहे. रानातले कंद काढून विकायचे तर जमिनीच्या मालकालाही परवाना लागतो. म्हणजे तो खरं बोलत असला आणि परवाना नसला तर गुन्हा करत होता, आणि खोटं बोलत असला तर मला फसवत होता. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. कार्डावर कमिशन जातं, थेट खात्यात पाठवा, असं म्हणाला. मी पाठवले.

ऑक्टोबरात खोकं आलं. पानांचे छोटे गुच्छ, पांढरे कंद आणि एक चिठ्ठी: आता हलवू नका, वसंतात बघा. सल्ला चुकीचा नव्हता, म्हणून तर शंका आली नाही. नुसता कंद हातात घेऊन फूल कसं येईल ते सांगता येत नाही. त्या एका चिठ्ठीने त्याने सहा महिने मिळवले.

फेब्रुवारीत स्नोड्रॉप उमलला. पिवळ्या जातीत फुलाच्या वरची गाठ आणि आतल्या पाकळ्यांवरची खूण पिवळी असते. माझ्या फुलाची दोन्ही हिरवीगार होती, इथल्या चर्चच्या आवारात हजारोंनी फुलतात तशी. फोटो पाठवला तर म्हणाला, पहिल्या वर्षी असंच येतं. मी ऐकून घेतलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रिमरोझची सात रोपं तोवर थंडीने सडून गेली होती. उरलेली मार्चमध्ये फुलली ती जांभळी, केशरी, लालभडक. उबदार काचघरात वाढवून सुपरमार्केटात कुंडीत विकतात तीच ही.

ब्लूबेलने मात्र रडवलं. इंग्लिश ब्लूबेलचा दांडा एका बाजूला झुकतो, घंटा त्याच बाजूला लोंबतात, पान अरुंद, आतले परागकोश मलईच्या रंगाचे आणि वास गोड. माझे दांडे ताठ उभे, घंटा चहूबाजूंनी, पान दोन बोटं रुंद, परागकोश निळसर, वास जवळजवळ नाहीच. हे स्पॅनिश किंवा संकरित. ते इंग्लिश जातीशी सहज संकर करतात, आणि आमच्या गल्लीच्या टोकाला जुनं ब्लूबेलचं रान आहे. लेकीला दर मे महिन्यात तिथे घेऊन जाते. त्या रानाला माझ्या हातून धोका व्हावा, हे १०४ पौंडांपेक्षा कितीतरी जास्त लागलं.

एप्रिलअखेर मेसेज केला तेव्हा पान गायब, फोन बंद. बँक म्हणाली, माल तुमच्यापर्यंत आलाय, हा खरेदीतला वाद आहे. कार्डाने दिले असते तरी परतावा मागायची मुदत साधारण १२० दिवसांची. ती फेब्रुवारीतच उलटली होती. २०१५ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे वर्णनाबरहुकूम माल मिळणं माझा हक्कच आहे, पण हक्क सांगायचा कुणाला? नाव-पत्ता काहीच नव्हतं.

तुम्ही घेणार असाल तर ऑनलाइन मागवलेल्या रोपांवर ‘प्लँट पासपोर्ट’ची पट्टी आहे का बघा, घरपोच विक्रीला ती लागतेच. त्यावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि विक्रेत्याचा किंवा मूळ रोपवाटिकेचा नोंदणी क्रमांक असतो. माझ्या खोक्यावर काहीच नव्हतं. ब्लूबेल घेताना शास्त्रीय नावात ‘नॉन-स्क्रिप्टा’ (इंग्लिश जात) लिहिलेलं हवं, ‘हिस्पॅनिका’ (स्पॅनिश) नको. स्नोड्रॉप फेब्रुवारी-मार्चमध्ये हिरव्या पानांसकट विकतात. तेव्हाच, फूल बघून घ्या. प्रिमरोझही मार्चमध्ये फुललेलंच घ्या.

सातारला आई शेवंतीचे फुटवे शेजारणीकडून मागून आणायची. फुलं कुठल्या रंगाची येणार ते तिने शेजारणीच्या अंगणात आधीच पाहिलेलं असायचं.

स्पॅनिश कंद मी वर्षभर खणून काढतेय. खोल जातात, गेल्या रविवारी आणखी चार निघाले. कंपोस्टमध्ये न टाकता काळ्या पिशवीत बांधून वाळवत ठेवलेत. झाडाखाली आता शेजारच्या आजींनी विभागून दिलेलं एक खरं पिवळं प्रिमरोझ आहे. त्याच्या फुलाच्या मध्यभागी स्त्रीकेसराचं टोक टाचणीच्या डोक्यासारखं दिसतं. चांगलं बी धरायला दुसऱ्या प्रकारचं, मध्यभागी परागकोशांचं कडं असलेलं रोप जवळ लागतं. महाराष्ट्र मंडळातल्या एका ताईंकडे तसं आहे. परवा जाऊन फूल बघून आले. बहर संपला की मे महिन्यात त्या अर्धा गड्डा देणार आहेत.