तोंड येणं, घसा धरणं आणि ती एक बाटली: पावसाळ्यापासूनचा अनुभव

क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या माउथवॉशबद्दल (०.२ टक्केवाला) इतक्यात लिहिणार नव्हतो, पण परवा दातांच्या दवाखान्यात स्केलिंगचे (दात खरवडून साफ करण्याचे) पैसे मोजून आलोय, तेव्हा लिहितोच. मला अधूनमधून तोंड येतं आणि पाऊस लागला की घसा धरतो. मेडिकलवाल्याला काहीही सांगा, तो हीच बाटली काढतो. ‘हिने सगळंच जातं,’ म्हणाला.

सगळंच म्हणजे दातांचा रंगही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि फटींत तपकिरी डाग, तंबाखू खाणाऱ्याचे असतात तसे. मी सुपारीसुद्धा खात नाही! ब्रशने निघत नाहीत, मीठ-सोडा घासून झाला, ढिम्म. चहा-कॉफीवाल्यांना हे डाग जास्त पडतात, आणि आमच्याकडे चहाला वेळ-काळ नसतो. खोक्यावर याबद्दल एक अक्षर नाही. आतल्या पत्रकात एक ओळ आहे, ती भिंग घेऊन वाचायची. शिवाय चव जाते ती वेगळीच. आमटी अळणी म्हणून मी वरून मीठ घेतलं आणि सौ. ते ताट बघत राहिली. औषधाने खारट चव काही काळ मंदावते, हे तिला पत्रक दाखवून पटवावं लागलं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं: औषध चांगलंच आहे, पण हिरड्यांचं. सुजलेल्या हिरड्या, दात काढल्यानंतर वगैरे, आणि तेही थोडे दिवस. आणखी एक. टूथपेस्टला फेस आणणारं रसायन (सोडियम लॉरिल सल्फेट) या औषधाचा जोर मारतं, म्हणून ब्रश आणि गुळणीत अर्धा तास जाऊ द्यायचा. मेडिकलवाल्याने ‘ब्रश केला की लगेच’ सांगितलं होतं. म्हणजे गुण कमी आणि डाग तेवढे पूर्ण.

तोंड आल्यावर खरा उपयोग झाला तो जेलचा, कोलीन सॅलिसिलेट आणि लिग्नोकेनवाल्या. जेवणाआधी लावलं की जागा बधिर होते, तेवढ्यात भाकरी-भाजी उरकायची. लाळेबरोबर लवकर वाहून जातं, पण किंमत बघता तक्रार नाही. सोळा वर्षांखालच्या पोरांना सॅलिसिलेटवालं जेल लावू नका.

भर, दिवाळीनंतर: जेलचं कौतुक थोडं मागे घेतो. ते ठणका थांबवतं, व्रण भरत नाही. फराळाच्या चिवड्याने गालाला आतून टोचलं आणि मोठा व्रण झाला, तेव्हा डॉक्टरांनी ट्रायामसिनोलोनची ०.१ टक्क्याची पेस्ट दिली. रात्री झोपताना कापसाने जागा कोरडी करून वाटाण्याएवढीही नाही, अगदी टिकलीएवढी टेकवायची. चोळायची नाही, चोळली की रवाळ होऊन सुटते. नीट बसली तर सकाळपर्यंत टिकते. एवढीशी ट्यूब, पण पुरते भरपूर, हे मला विशेष आवडलं. मात्र हे स्टेरॉइड आहे. ओठांवरच्या नागिणीसारख्या फोडांना किंवा बुरशीला ते चालत नाही. आमच्या अप्पांच्या जिभेवर पांढरा थर आला होता, त्यांनी माझी ट्यूब मागितली, मी दिली नाही. दम्याच्या पंपामुळे झालेली बुरशी निघाली, क्लोट्रिमॅझोलचे थेंब लागले. पंप घेतला की चूळ भरायची, एवढंच त्यांना आता रोज ओरडून सांगतो.

घशासाठी पोव्हिडोन आयोडीन समभाग पाण्यात घालून गुळण्या केल्या. बरं वाटलं, पण सौ.ला थायरॉइड आहे म्हणून तिला नको सांगितलं. ती कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करते आणि माझ्याबरोबरच बरी होते. हिशेब तुम्हीच करा. चघळायच्या गोळ्यांत साखर असते, मधुमेहवाल्यांनी बघून घ्याव्यात. मेडिकलवाला अॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या पुढे सरकवतो, त्या घेऊ नका. घसा बहुतेक वेळा विषाणूने धरतो, त्यावर त्या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही.

साधा व्रण आठ-पंधरा दिवसांत आपोआप भरतो. तीन आठवडे झाले तरी भरत नसेल तर ट्यूबा बदलत बसू नका, दाखवून या. घरात कुणी मिश्री-तंबाखूवालं असेल तर आधीच न्या. मला वारंवार होतं म्हणून बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगितलंय. लॅबवाल्याचा दर ऐकला आणि पुढच्या पगारावर ढकललं.