थंडीत लाकडी मुद्गल: नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या वापरानंतर

मुद्गल म्हणजे व्यायामात खांद्याभोवती फिरवायची, मुठीची जड लाकडी गदा. इथली जोडी बाभळीच्या लाकडाची, प्रत्येक मुद्गल ३ किलोचा, लांबी ६२ सेंमी, डोक्याचा (जाड टोकाचा) व्यास तळाशी साधारण १३ सेंमी. एकाच ओंडक्यातून कातलेले, मुठीला कुठे जोड नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आठवड्यातून पाच दिवस, नाशिकच्या थंडीत ही जोडी वापरात होती. थंडीत व्यायामाचा खाडा होऊ नये म्हणून मुद्गल कितपत कामी येतो, एवढंच इथे तपासलं आहे. चांगला कामी येतो. मात्र मूठ, तळहात आणि सुरुवातीची दहा मिनिटं सांभाळावी लागतात.

आधी लाकडाचा मोठा गुण सांगायला हवा. निफाडकडे पारा ५-६ अंशांवर येतो तेव्हा नाशिकच्या बाल्कनीत ठेवलेलं लोखंडी डंबेल सकाळी हातात धरवत नाही. लोखंड हाताची ऊब झपाट्याने ओढून घेतं आणि बोटं आखडतात. लाकूड उष्णतेचं मंद वाहक आहे, त्यामुळे तितक्याच गार हवेत मुद्गलाची मूठ दहा-बारा फेऱ्यांत हाताला सरावते. गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण अंथरुणातून उठायचं की नाही हे पुष्कळदा अशाच क्षुल्लक गोष्टींवर ठरतं. दुसरा फायदा जागेचा. धुकं, दव, अंधार, गल्लीतली कुत्री यांपैकी काहीच आड येत नाही. दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा पुरते. फक्त पंख्याखाली उभं राहू नये. मध्यम उंचीच्या माणसाने मुद्गल खांद्यावरून मागे नेताना मुद्गलाचं डोकं जमिनीपासून २४० सेंमीच्या आसपास जातं आणि फ्लॅटमधल्या पंख्याची पाती बहुधा तिथेच असतात.

खाडा नेमका कधी पडतो, यावरही थोडं बोलायला हवं, कारण वेळापत्रक त्यावरच बेतायचं असतं. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागतो, म्हणून सकाळही लवकर उजाडेल असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. पुण्यात १ नोव्हेंबरला सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, २२ डिसेंबरला सात वाजून गेलेले असतात आणि जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय आणखी सातेक मिनिटं पुढे सरकतो. पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि अक्षाच्या कलामुळे हे घडतं. संक्रांतीला दिवस तिळातिळाने वाढत असतो हे खरंच, पण त्या सुमारास ती वाढ संध्याकाळच्या पदरात पडते. म्हणून साडेपाचचा गजर नोव्हेंबरात जमतो आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हमखास मोडतो. यावर सरळ उपाय म्हणजे १५ डिसेंबर ते रथसप्तमी या काळात व्यायाम संध्याकाळी सहाला न्यायचा, किंवा सकाळी साडेसातनंतर करायचा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर पहाट टाळावीच. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि त्यात जड वजन उचलताना श्वास रोखला की भर पडते. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुद्गल हातात घेऊ नये. शहरात पहाटेची हवाही वाटते तितकी चांगली नसते. वारा पडलेला असतो, जमिनीलगत गार हवेचा थर बसतो आणि शेकोट्यांचा, गाड्यांचा धूर त्याच थरात अडकून राहतो. दम्याचा त्रास असेल तर खिडकी लावून घरातच करावं.

आता तयारी. हे नीट पाळलं नाही तर तिसऱ्या दिवशी खांदा धरतो. आधी दोन मिनिटं जागच्या जागी चालणं, मग रिकाम्या हातांनी खांद्याचे मोठे गोल, पुढून दहा, मागून दहा. त्यानंतर सावकाश सहा सूर्यनमस्कार. बारा घातले तरी हरकत नाही, पण पहिले दोन अगदी संथ हवेत, कारण झोपेतून उठल्यावर पाठीचा कणा ताठर असतो आणि पुढे वाकताना झटका बसतो. बोटं गारठलेली असतील तर मिनिटभर कोमट पाण्यात बुडवून कोरडी करावी. मग एकच मुद्गल दोन्ही हातांनी धरून, दोन्ही बाजूंनी आठ-आठ फेऱ्या. एवढं झालं की कपाळावर किंचित घाम जाणवतो. तो जाणवेपर्यंत एकहाती फेरी नाही.

फेरी अशी: मुद्गल छातीपुढे उभा, कोपर बरगडीजवळ, हात कोपरात काटकोनात. उजव्या हाताचा मुद्गल चेहऱ्यासमोरून डाव्या खांद्यावर जातो, तिथून डोक्यामागे. इथे कोपर छताकडे जायला हवं आणि मुद्गल पाठीच्या कण्याशी समांतर, लंबकासारखा सरळ लोंबला पाहिजे. मग तो उजव्या खांद्यावरून पुढे येतो आणि छातीसमोर थांबतो. थांबताना श्वास सोडायचा. मुद्गल पाठीवर आपटत असेल तर कोपर खाली पडतंय असं समजावं, जोर कमी पडतोय असं नव्हे. कंबर पुढे ढकलली जात असेल तर पोट आणि नितंब घट्ट धरावेत. मनगट मागे मुडपत असेल तर वजन जास्त आहे.

थंडीत एक चूक जवळजवळ सगळ्यांकडून होते. बोटं गार असल्याने मुद्गल निसटेल अशी भीती वाटते आणि मूठ कचकचून आवळली जाते. दहा-बारा दिवसांत कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागतं, चहाचा कप उचलतानाही कळ येते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट घट्ट, बाकीची बोटं सैल, अशी पकड हवी. खालची गाठ करंगळीखाली टेकली की मुद्गल निसटत नाही.

वजन वाढवण्याची घाई इथे विशेष नडते. ३ वरून ४ किलोवर जाणं म्हणजे एकदम तिसरा हिस्सा वाढ. त्याऐवजी हाताची जागा बदलावी. मुद्गल काठीवर आडवा ठेवून तोल कुठे साधतो ते पाहावं. या जोडीत पकडीपासून तो बिंदू ३७ सेंमीवर आहे. हात ५ सेंमी वर सरकवला की अंतर ३२ होतं, मनगटावरचा भार जवळपास सातव्या हिश्शाने उतरतो. पहिला महिना वरची पकड, एका हाताला दहा फेऱ्या, अशा पाच खेपा, मध्ये मिनिटभर विश्रांती. डिसेंबरात खालची पकड. जानेवारीत दोन्ही हातांत जोडी, पण फेऱ्या सहावर आणून. फेब्रुवारीत पुन्हा दहा. तयारीसकट पस्तीस मिनिटं. चार महिन्यांत वजन तेच राहिलं आणि काही बिघडलं नाही. तालमीतला जड करेला (पहिलवानांचा मोठा मुद्गल) हा वेगळा विषय आहे, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये जे हलके क्लब फिरवले गेले तो आणखी वेगळा. दोन्हींची गणितं इथे लावू नयेत.

तळहातांबद्दल. कोरड्या हवेत घट्टे कडक होतात आणि मुद्गल फिरताना कडेने चिरतात. एकदा चिरले की आठवडा गेला. आंघोळीच्या वेळी, कातडी मऊ असताना, वज्रीने घट्टे हलके घासून सपाट ठेवावेत आणि रात्री कोकमतेल गरम करून चोळावं. सकाळी मात्र हात साबणाने धुऊन घ्यावेत. दिवाळीपासून लागलेली तेल लावण्याची सवय व्यायामानंतरच पुरी करावी, तेलकट हातातून ३ किलोचं लाकूड सुटलं तर फरशी जाते किंवा पायाचं बोट. लोकरीचे हातमोजेही तितकेच घातक. कपड्यांत टोपीवाला स्वेटशर्ट घालू नये, पाठीवर लोंबणाऱ्या त्या टोपीत मुद्गल अडकतो. मफलरही नको. आत सुती बनियन, वर सैल स्वेटर, आणि तयारी झाली की स्वेटर काढून बाजूला. शेवटची फेरी झाल्याबरोबर तो पुन्हा चढवावा, घाम अंगावर गार होऊ देऊ नये.

मुद्गल टेकवायला योगाची ६ मिमीची चटई पुरेशी नाही. तिच्याखाली चौघडी घातलेली जुनी गोधडी असली की मुद्गल टेकवताना खालच्या मजल्यावर आवाज जात नाही. उभं राहायचं ते गोधडीच्या कडेला, घट्ट फरशीवर, कारण मऊ जागी पाय डगमगतो. गच्चीवर करायचं तर दव वाळल्यावरच.

लाकडाची तक्रार एकच, पण ती मोठी आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका मुद्गलाच्या तळाला केसासारखी चीर पडली. लाकडाच्या आडव्या कापाकडून ओल सर्वांत लवकर उडते, त्यामुळे तळ आधी आकसतो आणि तिथूनच तडकतो. ओंडक्याचा गाभा मधोमध राहिला असेल तर त्याभोवती किरणांसारख्या चिरा पडणं जवळपास अटळ. म्हणून घेताना तळ पाहावा. वर्तुळांचं केंद्र तळाच्या मधोमध दिसलं तर ती जोडी सोडून द्यावी, कातारी कितीही चांगला असो. जोडमुठीचे मुद्गल थंडीत त्याहून वाईट: मुठीचं आणि डोक्याचं लाकूड सारखं आकसत नाही, सांधा ढिला होतो. रोज फिरवण्याआधी मुद्गलाचं डोकं हलवून बघावं आणि किंचित खळ् असा आवाज आला तरी तो मुद्गल त्या दिवसापासून बंद.

एक मिलिमीटरच्या आतली चीर मेण भरून चालते. सरस आणि भुसा ठोकून भरू नये, पावसाळ्यात लाकूड फुगलं की तोच भराव चीर रुंदावतो. चीर गळ्यापर्यंत, म्हणजे डोकं मुठीला मिळतं तिथवर, पोचली तर मुद्गल बाद. प्रतिबंध सोपा आहे: थंडी सुरू होण्याआधी तळाला जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात. प्रत्येक हातानंतर पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं तेल पुसायचं आणि दोन-तीन दिवस वाळू द्यायचं, गारठ्यात ते सावकाश वाळतं. पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो, म्हणून चिंध्या बाहेर पसरून वाळवाव्यात. मुठीला तेल नको. तिथलं चकाकतं वॉर्निश १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून काढलं की पकड सुधारते. मुद्गल गिझरजवळ, उन्हात किंवा शेगडीपाशी ठेवू नयेत, पलंगाखाली आडवे ठेवलेले उत्तम.

खाण्याचं थोडक्यात. आधी दोन खजूर किंवा अर्धं केळं, डिंकाचा लाडू नंतर, तोही एकच. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाण्याचा विसर पडतो. व्यायामाआधी एक पेला कोमट पाणी पुरतं.

चार महिन्यांनंतर खांदे मोकळे झाले, पकड वाढली, पाठीचा वरचा भाग भरला. पायांना मात्र यातून फारसं काही मिळत नाही. त्यासाठी खेपांच्या मधल्या विश्रांतीत पंधरा बैठका घालाव्यात, शरीर गारही पडत नाही. दमसासही मर्यादितच वाढतो, धावणाऱ्याने हा धावण्याला पर्याय समजू नये. ज्यांच्या खांद्याचं हाड पूर्वी निखळलेलं आहे त्यांनी ही जोडी घेऊच नये. बाकीच्यांत पुरुषांनीसुद्धा पहिली घ्यायची तर ३ किलोचीच, आणि बायकांनी २ किलोची. फेब्रुवारीच्या अखेरीस तळाला तेलाचा आणखी एक हात द्यावा आणि चीर किती मिटली ते पाहावं. या जोडीतली चीर अजून तेवढीच आहे.